फाईलवरचं नाव

काउंटरवरच्या बाईनं माझा मोबाईल नंबर टाकला, स्क्रीनकडे पाह्यलं अन् म्हणे, "ताई, तुमी तं आमच्या जुन्या पेशंट निघाल्या. नऊ वर्षांपासून फाईल आहे तुमची. झटक्याचीच. नवीन कायले काढता?"

माझे मालक देवमन बाजूलेच उभे होते, हातात एमआरआयचं भलंमोठं पाकीट घेऊन. त्याइनं माझ्याकडे पाह्यलं, मी त्याइच्याकडे. सव्वीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांकडे इतकं भिऊन कधी पाह्यलं नव्हतं.

"ते जुनं नका पाहू," मी म्हणलं. "नवीनच काढा."

"असं कसं? कॉम्प्युटरले दिसते ना ते. इन्शुरन्सवाल्याइले पण दिसन."

घ्या. ज्या फाईलीनं नऊ वर्षं माझ्या पोरीले झाकलं, तीच फाईल माझ्या उरावर येऊन बसली.

आता नीट सांगते, नाही तं तुमी म्हणान ही बाई अर्ध्यातूनच बोलून राहिली.

सोमवारी सकाळी मी अमरावतीत, फ्रेजरपुऱ्यातल्या माझ्या दुकानात मशीनवर बसली होती. ब्लाऊज शिवते मी, बावीस वर्षं झाले. हातात माझ्या पोरीच्या, पायलच्या लगनाचं ब्लाऊज होतं. अस्तर लावून राहिली होती, अन् मग काय झालं ते मले माहीत नाही. माझी मोठी बहीण शालूबाई माझ्याच दुकानात काजं-बटनं करते. ती सांगते की मी खुर्चीवरून खाली पडली, दात आवळले, हातपाय झाडले, दोन-तीन मिनिटं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या जिंदगीत मले पहिल्यांदा झटका आला.

एमआरआय काढला तं उजव्या डोळ्याच्या मागं, मेंदूच्या आवरणाले गाठ. डॉक्टर म्हणे, कॅन्सरची दिसत नाही, पण डोळ्याच्या नसेवर दाबून राहिली. आठ दिवसांत काढा, नाही तं डोळा जाईन, अन् त्याच्या पुढचं मी आज सांगू शकत नाही. मागच्या दिवाळीपासून मले उजव्या डोळ्यानं सुईचं नेढं दिसत नव्हतं. मी समजे, चाळिशी लागली, नंबर वाढला. माणूस आपल्याच डोक्यात काय चालू आहे ते पण ओळखत नाही, बाप्पा.

ऑपरेशनचा खर्च साडेचार लाख. पण मी म्हणलं, घाबरायचं काम नाही, आपल्यापाशी पॉलिसी आहे. चार वर्षांमागं काढली होती, खाजगी कंपनीची, पाच लाखाची, आमच्या दोघा नवराबायकोची. देवमनचा चुलतभाऊ नागसेन एजंट आहे. बाकीच्या एजंटासारखं त्यानं गाडीच्या सीटवर ठेवून फॉर्म नाही भरला. आमच्या घरी दोन तास बसला, चहा थंड करून प्याला, अन् एक-एक ओळ वाचून सांगितली. म्हणे, वहिनी, पहिले तीस दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, गर्भपिशवी, मुतखडा, गुडघे, हे चाळिशीनंतरचे पाहुणे, याइले दोन वर्षं थांबा लागते. चष्मा-दात नाही, हातमोजे-पट्ट्या नाही. अन् आधीपासून काही आजार असन तं आताच सांगा. तीन वर्षांनंतर तो पण मिळते. लपवला तं मात्र काहीच मिळत नाही. मग त्यानं विचारलं, बीपी? शुगर? दमा? झटके? मी सगळ्याले नाही म्हणलं. अन् ते खरं होतं. त्या फॉर्मात एक अक्षर खोटं नव्हतं. खोटी होती ती फाईल, अन् कंपनीनं नेमकं उलटं धरलं.

कंपनीच्या यादीत मेंदूचं ऑपरेशन करणारं जवळचं हॉस्पिटल एकच होतं, हे अकोल्याचं. सरकारी योजनेचं पण विचारून पाह्यलं. नागपूरले जा म्हणे, नंबर लागाले दोन-तीन आठवडे. तेवढा वेळ कोणापाशी होता? म्हणून मी इथं आली, जिथं जगात कुठं येऊ नये तिथं.

आता फाईलचं सांगते.

पायल दहावीत होती. सराव परीक्षा चालू असताना वर्गातच तिले झटका आला. मास्तरनं फोन केला, मी मशीन तशीच चालू ठेवून धावली. शाळेत सांगितलं, उपाशी होती, चक्कर आली. पंधरा दिवसांत घरी दुसऱ्यांदा आला. तवा शालूबाईनं मले कोपऱ्यात घेतलं. "माया, अमरावतीत दाखवू नको. पोरगी पाहाले येणारे लोक मेडिकलवाल्याले पण विचारून जातात. मिरगीवाली म्हणून एकदा नाव पडलं तं जन्माची घरी बसन."

मग बडनेऱ्याहून गाडी पकडली अन् आम्ही मायलेकी अकोल्याले आलो. तवा हे एवढं मोठं हॉस्पिटल नव्हतं, दोन खोल्यांचा दवाखाना होता. म्हातारे डॉक्टर बसत. खिडकीतल्या माणसानं विचारलं, पेशंटचं नाव? पायल बाजूलेच उभी होती. मी माझं नाव सांगितलं. माया देवमन. वय एकोणचाळीस.

आतमध्ये डॉक्टरनं कागद पाह्यला, पोरीकडे पाह्यलं, मग माझ्याकडे. "हे काय आहे?"

"पोरीची जात आहे, साहेब. नाव माझंच राहू द्या."

लय बोलले मले. आजारानं कोणाची अब्रू जात नसते म्हणे, शिकलेल्या दिसता, लाज वाटत नाही का. मी म्हणलं, तुमी नाव बदलान तं मी पोरीले घेऊन अशीच घरी जाते. मग चिडूनच त्याइनं गोळ्या लिहून दिल्या. "नाव कोणाचंही लिहा. गोळी पोरीच्या पोटात गेली पाहिजे, एकही दिवस चुकली नाही पाहिजे."

एकही चुकली नाही. नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी मी अकोल्याले येऊन गोळ्या नेल्या. पायल वर्षातून एकदा यायची. शेवटचा झटका येऊन सहा वर्षं झाले. पोरगी बीएस्सी झाली, एका लॅबमध्ये लागली. कोणाले कानोकान खबर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं सांगू? मले त्याचा गर्व होता. मी मनात म्हणे, आईनं लेकराचा आजार आपल्या अंगावर घेतला, अजून काय पाहिजे?

नागसेननं पॉलिसी काढताना विचारलं होतं, वहिनी, पायलचं पण नाव टाकू का? थोडेच जास्त लागतात. मी म्हणलं, कायले? ती आपल्या घरी जाईन. तिचं नाव टाकलं असतं तं तिच्या पण आजाराचे प्रश्न आले असते ना.

अन् आता लगन ठरलं होतं. चांदूर बाजारचा धर्मेंद्र, पंचायत समितीत नोकरीले, एकुलता एक, वडील नाही, आई सुभद्राबाई. साक्षगंध होऊन दोन महिने झाले, पत्रिका वाटून झाल्या. अठरा दिवस राह्यले होते. साक्षगंधाच्या आधी पायल मले म्हणलीच होती, "आई, मी त्याले सांगून टाकते." मी तिच्या अंगावर धावली. "तोंड शिवून ठेव. लगन झाल्यावर पाहू."

तं असं होतं सगळं. काउंटरवरून कागद कंपनीले गेले. कॅशलेस म्हणजे कंपनीनं हो म्हणलं की ऑपरेशन होते, नाही म्हणलं तं पैसे आधी भरा. तीन तासांत उत्तर आलं. पेशंटले नऊ वर्षांपासून झटक्याचा आजार आहे, फॉर्मात लिहिला नाही, खुलासा द्या, आमचा माणूस उद्या येईन.

नागसेनचा फोन आला. माणूस रडकुंडीले आला होता. "वहिनी, हे काय केलं तुमी? मी घसा फोडून विचारलं होतं. पाच वर्षं भरले असते तं जुनं उकरून काढणं कंपनीले एवढं सोपं नसतं. आता क्लेम तं जाईनच, पॉलिसी पण रद्द करतीन. अन् या वयात, डोक्याच्या गाठीनंतर, दुसरी कंपनी तुमाले दारात पण उभं करणार नाही."

"मले झटके नव्हते रे," मी म्हणलं.

"मग फाईल कोणाची आहे?"

मी फोन ठेवून दिला.

त्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात आमच्या घरचे आम्ही तिघंच होतो. मी, देवमन अन् अमरावतीहून आलेली शालूबाई. पायलले आम्ही काही सांगितलं नव्हतं. इन्शुरन्सचे कागद अडकले, एवढंच.

"माया, खरं सांगून टाकू," देवमन म्हणाले. ते कमी बोलतात, कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या धुता-धुता माणूस पण बाटलीसारखा बंद झाला.

"अठरा दिवसांनंतर सांगू."

"डोळा थांबन का अठरा दिवस?"

"माझा डोळा आहे, माझं डोकं आहे. काय करायचं ते मी पाहीन."

"अन् तू मेली तं?"

"तं लगन लावून मरीन!"

बाजूच्या कॉटवरच्या आजीनं कूस बदलली. मी आवाज खाली केला, पण राग खाली होईना. राग कोणाचा होता ते मलेच कळेना. एकीकडे माझं डोकं, एकीकडे पोरीचं लगन, अन् मधात ती फाईल. फाईल माझी म्हणलं तं ऑपरेशन गेलं. पोरीची म्हणलं तं लगन गेलं.

तवा शालूबाई बोलली. "मी सांगते, फाईल माझी आहे."

"तुझी?"

"मग! मी रांडमुंड बाई, चोपन्न वर्षांची. मले कोण मागणी घालून राहिलं? मिरगी मले होती, लाजेपायी बहिणीच्या नावानं औषध नेलं. झालं. कोणाच्या बापाचं काय जाते?"

देवमन म्हणाले, "एक खोटं झाकाले दुसरं." पण मले ते बोलणं गुळासारखं गोड लागलं. त्या रात्री मी झोपली पण.

कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी एक वाजता आला. अमोल नाव. पन्नाशीचा, शांत, हळू बोलणारा. असे शांत माणसं मले आवडत नाही. त्यानं स्टूल ओढलं, पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला, मले पहिले विचारलं, "पाणी वगैरे पाहिजे का, ताई?" मग म्हणे, "झटके कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मग ही फाईल?"

"माझी आहे," शालूबाई पुढं झाली. सगळं घडाघडा बोलली, पाठ केलेली कविता म्हणावी तशी.

त्यानं ऐकून घेतलं. मधात एकदा पण टोकलं नाही. "म्हणजे तेव्हा तुमी पंचेचाळीसच्या."

"हो."

"वजन किती असन तेव्हा तुमचं?"

शालूबाई अंगानं भरलेली आहे, लपवणार काय? "असन साठ-पासष्ट."

"अन् पहिला झटका कुठं आला?"

"घरीच. भाकरी थापून राहिली होती."

त्यानं एक कागद वर काढला. "डॉक्टरांनी गोळीचं माप ठरवायले वजन लिहून ठेवलं आहे. एकोणचाळीस किलो. अन् पहिला झटका, हे पाहा, परीक्षेच्या वेळी, वर्गात." त्यानं चष्म्यावरून शालूबाईकडे पाह्यलं. "ताई, पंचेचाळीसाव्या वर्षी तुमी कोणत्या वर्गात होत्या?"

माझी बहीण दोन पावलं मागं सरकली. म्हाताऱ्या डॉक्टरनं वर नाव खोटं लिहिलं, पण आत एक ओळ खोटी लिहिली नव्हती. आता ते पण वारले. बोलायले कोणी उरलं नाही.

अमोल माझ्याकडे वळला. "तेव्हा तुमच्या घरात शाळेत जाणारं कोण होतं?"

"कोणी नाही."

"ताई, मुलगी आहे ना तुमाले?"

"माझ्या पोरीचं नाव घेऊ नका!" मी अशी ओरडली की नर्स धावत आली.

त्यानं नर्सले हातानंच थांबवलं. आवाज अजून खाली आणला. "मी तुमचा वैरी नाही. हे पान तुमच्याच बाजूचं आहे. पण नुसत्या पानावर कंपनी ऐकत नाही. ज्याचा आजार आहे त्यानं लिहून द्या लागते की ही फाईल माझी आहे, अन् खाली तुमची सही. ते मले मिळालं तं मी आजच पाठवतो. नाही मिळालं तं मले जे कागदावर दिसते तेच लिहीन. पेशंटनं आजार लपवला."

"लिहा," मी म्हणलं. "लपवला म्हणून लिहा."

"माया!" देवमन उभे राह्यले.

"लिहा म्हणते ना!"

त्यानं पेन खिशाले लावला. "पाच वाजेपर्यंत मी खाली कँटीनमध्ये बसतो."

तो गेल्यावर देवमन वॉर्डाबाहेर गेले. मले वाटलं, रडाले गेले. ते फोन कराले गेले होते.

चार वाजून गेले असतीन, पायल आली. घामानं भिजलेली, ओढणी खांद्यावरून लोंबत. तिच्या मागं धर्मेंद्र. त्यानंच मित्राची गाडी घेऊन तिले अमरावतीहून आणलं होतं.

"जवाईबापू," मी हसू आणलं, "लांबून आले. खाली चहा घेऊन या जरा."

"नाही," पायल म्हणे. "तो इथंच थांबन. आई, बाबानं सांगितलं मले."

"काय सांगितलं? काही नाही ते. कागदाचं..."

"आई, बस झालं."

ती माझ्या पायथ्याशी उभी राह्यली, बसली नाही. आमची पायल कधी आवाज चढवत नाही. मी समजे बापावर गेली. तिनं आता पण चढवला नाही.

"नऊ वर्षं मी तुझ्या नावाच्या गोळ्या खाल्ल्या," ती म्हणे. "दवाखान्यात गेली तं नर्स बोलावे, माया देवमन, अन् मी उठून आत जायची. रिपोर्ट तुझ्या नावाचा. पॉलिसी काढली तं त्याच्यात माझं नावच नाही. साक्षगंधात सगळ्याइच्या समोर माझं नाव घेतलं, तवा मी मनात म्हणलं, हे कोणाबद्दल बोलून राहिले? मी आहे तरी कुठं या घरात, आई?"

"मी तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे. पण आता तू मेली ना माझ्यासाठी, तं मी त्या लगनाच्या स्टेजवर उभी राहू शकणार नाही. राहिलीच तं जन्मभर तुले शिव्या देईन. हे ऐकून ठेव."

धर्मेंद्र दाराच्या चौकटीले टेकून उभा होता. त्याले अर्धं कळलं होतं, अर्धं नाही. ती त्याच्याकडे वळली अन् एका दमात म्हणे, "मले मिरगी आहे. दहावीपासून. गोळी चालू आहे, सहा वर्षांपासून झटका नाही. ही फाईल माझी आहे."

मिरगी. हा शब्द नऊ वर्षांत आमच्या घरात कोणी तोंडातून काढला नव्हता. आम्ही म्हणू, 'ते'. 'ते' झालं का, 'त्याची' गोळी घेतली का. अन् माझ्या पोरीनं बारा कॉटच्या वॉर्डात तो शब्द असा सांगितला, जसा आपला रक्तगट सांगावा.

धर्मेंद्रनं दाराची चौकट सोडली. मग विचारलं, "साक्षगंधाच्या आधी कावून नाही सांगितलं?"

मी डोळे मिटले. आता ती माझं नाव घेईन, अन् घ्यावंच.

"भिली मी," पायल म्हणे.

एवढंच. माझ्याकडे पाह्यलं पण नाही.

"आईले सांगा लागन," तो म्हणे अन् बाहेर गेला. वाईट बोलला नाही, हे मले कबूल कराच लागते.

अमोलले वर बोलावलं. पायलनं त्याच्याच गठ्ठ्यातला कोरा कागद घेतला अन् माझ्या टेबलावर वाकून लिहिलं. परीक्षेले बसल्यासारखं, खाडाखोड न करता. पूर्ण नाव, जन्मतारीख, पहिला झटका कोणत्या शाळेत, कोणत्या महिन्यात, गोळीचं नाव, किती, कवा. खाली सही केली अन् कागद माझ्यासमोर धरला. "आता तू."

मी पेन घेतला. उजव्या डोळ्यानं सगळं धूसर, ओळ कुठं आहे तेच दिसेना. "नाही होत माझ्यानं," मी म्हणलं, अन् ते डोळ्याबद्दल नव्हतं. मी ढसाढसा रडली, लाज सोडून. अठरा दिवस फक्त, मी म्हणून राहिली, अठरा दिवस. पायलनं माझं बोट धरलं, कागदावर टेकवलं. "इथं कर."

मी सही केली. पाचले दहा मिनिटं कमी होते.

साडेसहाले हॉस्पिटलच्या काउंटरवरून निरोप आला, मंजूर. हातमोज्या-पट्ट्याइचा खर्च तेवढा आमाले. शालूबाईनं मोठ्यानं 'साधू, साधू' म्हणलं अन् देवमननं तोंड भिंतीकडे केलं. ऑपरेशन सकाळी नऊले ठरलं. धर्मेंद्रचा फोन आला नाही. पायल मोबाईल उलटा ठेवून बसली होती, दर पाच मिनिटांनी सरळ करून पाहे.

सकाळी सातले सुभद्राबाई आल्या. एकट्या. चांदूर बाजारहून पहाटेच निघाल्या असतीन. त्याइनं मले 'जयभीम' केला, स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला. पायल माझे कपडे बदलायची तयारी कराले नर्सकडे गेली होती.

"दुखते का?" त्याइनं विचारलं.

"नाही."

"ऑपरेशन होऊन जाईन चांगलं. भिऊ नका." मग स्टूल जवळ घेतलं. "धर्मेंद्रनं सांगितलं. मायाबाई, आमाले आधी कावून नाही सांगितलं?"

माझ्यात झाकाझाक कराची ताकद राह्यली नव्हती. "सांगितलं असतं तं तुमी हो म्हणलं असतं का?"

त्याइनं विचार केला. खरोखर केला, तोंडदेखला नाही.

"नसतं म्हणलं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. मले खोटं बोलता येत नाही. आता पण नाहीच म्हणाले आली मी. पोरगी लाखात एक आहे, धर्मेंद्र रात्रभर झोपला नाही. पण मले एकच पोरगं आहे. उद्या लेकराले झालं तं? लोकाइले काय सांगू? हे लगन होणार नाही, मायाबाई. ऑपरेशनच्या आधी सांगावं की नंतर, लय विचार केला. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं."

मले असा राग आला! वाटलं उठून बसावं अन् या बाईले सुनवावं. डॉक्टरनं लगन करू नको म्हणलं नाही. लेकराले होईनच असं कोणी सांगितलं? सहा वर्षं झटका नाही, पदवी आहे, कमावते, अन् काल साऱ्या वॉर्डासमोर आपल्या तोंडानं खरं बोलली; तुमच्या साऱ्या खानदानात आहे का कोणी असं? तोंडापर्यंत आलं होतं सगळं.

त्याच्या आधी सुभद्राबाईनं माझा हात धरला. "तुमाले पोरगा असता, अन् अशी पोरगी सांगून आली असती, तं तुमी काय केलं असतं? खरं सांगा. डोकं उघडाले चालल्या तुमी, आज खोटं नका बोलू."

मी तोंड उघडलं. हो म्हणाचं होतं मले. देवा-धर्माची शपथ नाही, माझ्या लेकराची शपथ, मले हो म्हणाचं होतं. पण ज्या बाईनं पोटच्या पोरीचं नाव एका दवाखान्याच्या खिडकीत सांगितलं नाही, ती बाई काय हो म्हणणार होती?

"मी पण नाही म्हणलं असतं," मी म्हणलं.

सुभद्राबाईनं मान हलवली अन् माझ्या मागं पाह्यलं. माझ्या उजव्या बाजूनं, जिकडून मले दिसत नाही, पायल येऊन उभी होती. हातात ऑपरेशनचा हिरवा झगा. कवाची उभी होती कोणास ठाऊक.

"पायल," मी म्हणलं. "पायल, मी..."

"असू दे, आई," ती म्हणे अन् झगा उलगडून माझ्या खांद्यावर टाकला, मागच्या नाड्या बांधू लागली. "मले माहीत आहे ते. नऊ वर्षं झाले."

ती रागानं बोलली असती तं मी झेललं असतं. ती रागानं नाही बोलली.